डब्यातली मटकी सजीव की निर्जीव?

सईचीआई

नमस्कार. मुलगी पाचवीत आहे. परवा तिची विज्ञानाची चाचणी झाली. दिलेल्या नावांचे सजीव आणि निर्जीव असे दोन गट करायचे होते: वड, कावळा, दगड, गांडूळ, खुर्ची, मटकीचे दाणे, ढग. सईने मटकी सजीवांत लिहिली. त्यावर लाल फुली आली.

अर्ध्या गुणाचं मला काही नाही. पण पोरगी दोन दिवस गप्प गप्प आहे. बाईंनी तिला समजावलं की डब्यातली मटकी वाढत नाही, हलत नाही, खात नाही, श्वास घेत नाही. मोड आले की ती सजीव होते. यावर सईचा प्रश्न असा, "मग मोड यायच्या आधी जीव कुठे होता? पाण्यातून आला का?"

मी वाणिज्य शाखेची. दहावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं नाही, त्यामुळे मला उत्तर देता आलं नाही. त्याच संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना तिचं पुढचं सुरू झालं: समई तेल खाते, हवा लागते, ज्योत हलते, एकीवरून दुसरी लावता येते, फुंकली की मरते. मग समई का निर्जीव?

मला शाळेशी वाद घालायचा नाही. मुलीला खरं काय ते सांगायचं आहे. जाणकारांनी कृपया लिहावं.

उगवणशक्ती

सईचं उत्तर बरोबर आहे. आधी तिला हे सांगा, मग पुढचं वाचा.

मी विदर्भातल्या एका बीजपरीक्षण प्रयोगशाळेत 26 वर्षं काम केलं. दाणा जिवंत आहे की मेलेला, हे ठरवण्यावरच आमचं पोट चालायचं. त्यामुळे "डब्यातलं बी निर्जीव" हे वाक्य माझ्या गळी उतरूच शकत नाही. बी निर्जीव असतं तर ते मेलं कसं असतं? आणि बी मरतं हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. ज्याच्या सोयाबीनची उगवण झाली नाही आणि दुबार पेरणी करावी लागली, तो सांगेल.

मटकीच्या दाण्यात पूर्ण रोप घडी घालून ठेवलेलं असतं. दोन डाळिंब्या म्हणजे त्याची शिदोरी. त्यांच्या बेचक्यात आदिमूळ आणि कोंब. आपण ज्याला मोड म्हणतो ते हेच मूळ. शेतात दाणा पक्व होताना त्यातलं पाणी उतरत जातं आणि शेवटी वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकंच उरतं. इतक्या कमी पाण्यात पेशीचा आतला रस काचेसारखा घट्ट होतो. रेणूंना हलायला जागा नसते, म्हणून श्वसन जवळजवळ थांबतं. पण यंत्रणा मोडलेली नसते. सगळं जागच्या जागी असतं, पहिली प्रथिनं बनवायचे निरोपसुद्धा आधीच लिहून ठेवलेले असतात. पाणी लागलं की पहिल्या काही तासांतच श्वसन सुरू होतं. जीव पाण्यातून येत नाही. पाणी त्याला फक्त हलायला जागा करून देतं.

प्रयोगशाळेत आम्ही टेट्राझोलियम चाचणी करायचो. बी भिजवायचं, उभं चिरायचं आणि त्या द्रावणात ठेवायचं. द्रावणाला रंग नसतो. जिवंत पेशीत श्वसन चालू असेल तर तिथली विकरं (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) त्याला हायड्रोजन देतात आणि लालभडक रंग उतरतो. मेलेला भाग पांढराच राहतो. काही तासांत अख्ख्या दाण्याचा नकाशा समोर येतो: इथे जीव आहे, इथे नाही. मूळ लाल आणि डाळिंबीचा कोपरा पांढरा असे अर्धवटही निघतात. पहिल्यांदा तो रंग पाहिला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. अजून आठवतो.

घरी एक करून बघा. तीन वाट्या घ्या, प्रत्येकीत 50 दाणे. एकीत ताजी मटकी, दुसरीत जुनी असेल तर ती, तिसरीत तव्यावर चांगली भाजलेली. तिन्ही भिजवा, फडक्यात बांधा, रोज मोजून लिहा. एक सांगून ठेवतो: भाजलेली मटकीही पाण्यात फुगेल. फुगणं म्हणजे वाढणं नव्हे. लाकूडही पावसाळ्यात फुगतं, दार घट्ट बसतं.

खडूफळा

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. त्या बाईंची बाजू थोडी मांडते.

लहान वर्गांत आपण लक्षणांची यादी देतो, वाढ, हालचाल, श्वसन, पोषण, उत्सर्जन, पुनरुत्पादन, चेतनेला प्रतिसाद, कारण मुलांना निरीक्षणासाठी काहीतरी हातात द्यावं लागतं. दगड आणि कावळा वेगळे करायला ती पुरते. अडचण येते ती यादीलाच व्याख्या समजलं की. मीही पूर्वी तसंच शिकवत होते. एका मुलाने विचारलं, "बाई, आमची म्हातारी गाय आता वेत नाही, वाढत नाही, मग ती?" तेव्हापासून मी यादीच्या वर "बहुतेक सजीवांत दिसणारी लक्षणं" असं लिहिते. "बहुतेक" या एका शब्दासाठी मला दोन तासिका द्याव्या लागतात, पण देते.

सईच्या आईंना विनंती, वही घेऊन बाईंना भेटा. बहुतेक शिक्षकांना असा प्रश्न आवडतो. आमच्याकडे वेळ कमी असतो, मन नसतं असं नाही.

पांढरीपेशी

गायीचं उदाहरण फार चांगलं. अकरावीच्या पुस्तकात हीच चर्चा खेचराच्या निमित्ताने येते. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराची 63. जोड्या नीट लागत नाहीत म्हणून खेचराला सहसा पिल्लू होत नाही. कामकरी मधमाश्यांचंही तेच, वंश वाढवणं राणीचं काम. म्हणजे पुनरुत्पादन ही अट धरली तर घाट चढणारं खेचर निर्जीव ठरेल. वाढ ही अट धरली तर दोऱ्यावर पाकात वाढणारी खडीसाखर सजीव ठरेल.

फरक वाढीच्या तऱ्हेत आहे. खडीसाखरेवर बाहेरून थर बसतो आणि तो पाकात होता तसाच बसतो. सई भाकरी खाते, पण तिच्या अंगावर भाकरीचे थर चढत नाहीत. भाकरी तोडून, जाळून, त्यातून ती सई बनवते. हे तोडणं-जोडणं अखंड चालू असतं, त्याला चयापचय म्हणतात. त्याचा वेग कळावा म्हणून: पेशी ज्या एटीपी नावाच्या रेणूच्या रूपात ऊर्जा खर्चतात, तो शरीरात कोणत्याही क्षणी अगदी थोडा असतो, पण दिवसभरात इतक्या वेळा मोडून पुन्हा घडवला जातो की बेरीज साधारण आपल्या वजनाच्या घरात जाते.

मी रक्ततपासणीच्या कामात आहे. रोज सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी बघते. त्यांना केंद्रक नाही, विभाजन नाही, साधारण 120 दिवसांचं आयुष्य. पण साखर फोडून ऊर्जा काढणं शेवटपर्यंत चालू असतं. ते थांबलं की पेशी फुगते, फुटते. माझ्या लेखी ती जिवंत आहे. सजीव प्राणी नव्हे, जिवंत पेशी. हे दोन शब्द वेगळे ठेवले की बरेच गुंते सुटतात.

ताकमेतकूट

मी शास्त्र शिकलेली नाही, पण समईच्या प्रश्नावर सुचलं ते लिहिते.

तेलाच्या समईवरून मेणबत्ती लावली तर ती मेणबत्तीचीच ज्योत होते. समईचं तिच्यात काही उतरत नाही. तुपाच्या निरांजनावरून गॅस पेटवला तर निळाच पेटतो. पण विरजणाचं तसं नाही. माझ्या माहेरचं विरजण मी लग्नानंतर आणलं, सासरी दूध म्हशीचं, माहेरी गायीचं. दूध बदललं तरी दह्याची तार आणि आंबटपणा माहेरचाच आला. मधे एकदा घट्ट लागतं म्हणून शेजारणीचं विरजण लावून पाहिलं, तर तिच्यासारखं दही लागलं. म्हणजे विरजण आपली ओळख पुढच्या दुधात घेऊन जातं, ज्योत नेत नाही.

उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही, हेही सईला दाखवा. तिथे जीव असतो म्हणूनच तो भाजतो.

पांढरीपेशी

ताई, तुम्ही जे लिहिलंत तेच जीवशास्त्राच्या गाभ्याशी आहे.

दह्यात मुख्यतः लॅक्टोबॅसिलस आणि स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जिवाणू असतात. दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात, त्याने दूध जमतं. एकाचे दोन होताना प्रत्येक जिवाणू स्वतःच्या डीएनएची नक्कल पुढच्याला देतो. आंबटपणा आणि तार त्या नकलेतून येतात, म्हणून दूध बदललं तरी बरंच काही टिकतं. नकलेत अधूनमधून चूक होते, ती चूकही पुढे जाते, आणि एखादी चूक फायद्याची ठरली तर तो वंश वरचढ होतो. नासाच्या एका गटाने 1994 मध्ये सजीवाची व्याख्या केली ती याच धर्तीवर: स्वतःला टिकवून धरणारी आणि डार्विनच्या अर्थाने उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था. ज्योत खाते, श्वास घेते, पसरते, पण तिच्यात वारसा नाही. खूप वारा असलेल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या दिवे लावले तरी वाऱ्याला न विझणारी ज्योत कधी निपजणार नाही. वाऱ्यात टिकणारं गवत मात्र निपजतं.

दुसरं म्हणजे पेशीला आवरण असतं, आत काय येऊ द्यायचं आणि काय नाही हे ते ठरवतं. ज्योतीला आत-बाहेर नाही.

प्रश्नचिन्ह

मग विषाणूचं काय? वारसा आहे, उत्क्रांती तर आपण कोविडमध्ये डोळ्यांदेखत पाहिली. आणि जगदीशचंद्र बोस यांनी धातूसुद्धा थकतो, प्रतिसाद देतो असं दाखवलं होतं ना?

पांढरीपेशी

बोसांचं काम 1901-02 च्या सुमारास गाजलं. धातूच्या तुकड्याला सतत उत्तेजन दिलं की त्याचा विद्युत-प्रतिसाद मंदावतो, विश्रांती दिली की सावरतो, विषारी रसायनाने थांबतो, आणि त्यांचे आलेख स्नायूच्या आलेखांशी जुळतात, असं त्यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवलं. धातू सजीव ठरतो असा मी त्याचा अर्थ घेत नाही. "चेतनेला प्रतिसाद" हे एकटं लक्षण भिंत म्हणून पुरेसं नाही, हे त्यातून मला दिसतं. लाजाळूचं पान मिटतं तेही देठाच्या बुडाशी असलेल्या पेशींतलं पाणी निघून जातं म्हणून. प्रतिसादाच्या मुळाशी शेवटी भौतिकशास्त्रच सापडतं.

विषाणूबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही. 1935 मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या पानावर ठिपके आणणाऱ्या विषाणूचे चक्क स्फटिक बनवले. बाटलीत मिठासारखे ठेवा, काही होत नाही. पानाला चोळा, रोग सुरू. पेशीबाहेर त्याला चयापचय नाही, प्रथिनं बनवायची यंत्रणा नाही, ती तो यजमान पेशीची वापरतो. मग 2003 मध्ये मिमिव्हायरस ओळखला गेला. अमीबात राहणारा, इतका मोठा की आधी तो जिवाणूच समजला गेला होता. पुढे त्यालाही छळणारा एक छोटा विषाणू सापडला. ज्याला आजारी पाडता येतं ते निर्जीव कसं, असं तेव्हा काहींनी विचारलं.

माझं मत विचाराल तर विषाणू बाटलीत असताना सजीव नाही आणि पेशीत शिरल्यावर जे चालू होतं ते सजीव आहे. पण हे माझं मत आहे, निकाल नव्हे.

प्रश्नचिन्ह

पण मग बाटलीतला विषाणू निर्जीव आणि डब्यातली मटकी सजीव, हे कसं? दोन्ही गप्पच बसलेत. तुम्ही मटकीला झुकतं माप देताय.

उगवणशक्ती

हा प्रश्न मला झोपू देणार नव्हता, म्हणून रात्रीच लिहितो.

मटकीची शिदोरी, अवजारं आणि कारागीर सगळे तिच्या टरफलाच्या आत आहेत. तिला बाहेरून पाणी, ऊब आणि हवा लागते. या तिन्ही निर्जीव गोष्टी आहेत. विषाणूला दुसऱ्याची जिवंत पेशी लागते. बंद दुकानात माल आहे, तराजू आहे, दुकानदारही मागे झोपलाय, तर कुलूप काढलं की धंदा सुरू. नुसता पाटीचा मजकूर लिहिलेला कागद कितीही जपला तरी त्याला दुसऱ्याचंच दुकान शोधावं लागतं. मी झुकतं माप देत नाही, फरक खरा आहे.

कातळफूल

मटकी एकटी नाही हे सांगायला आले आहे. दर पावसाळ्यात सह्याद्रीतले सडे, म्हणजे कातळाची पठारं, पालथे घालते. कासला लोक फुलं बघायला जातात, मी मार्च-एप्रिलमध्येही जाते. कातळावर तेव्हा गवताचे करपलेले पुंजके दिसतात, हाताने चुरडले तर भुगा होईल असे. पहिला पाऊस पडला की त्याच पात्या हिरव्या होतात. नवे कोंब फुटतात ते वेगळं, मी वाळलेल्या जुन्या पात्यांबद्दल बोलतेय. हे ट्रायपोगॉन जातीचं गवत. अशा वनस्पती अंगातलं 95 टक्क्यांपर्यंत पाणी गेलं तरी मरत नाहीत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात अशा 62 जाती नोंदवल्या, त्याआधी जेमतेम नऊ माहीत होत्या. तीर्थाच्या ठिकाणी "संजीवनी" म्हणून जी वाळकी मूठ विकतात आणि पाण्यात टाकताच उलगडते, तीही याच गुणाची. तिथे मात्र जपून. मेलेली मूठसुद्धा पाण्याने उलगडू शकते. उगवणशक्ती दादांच्या भाजलेल्या मटकीसारखंच.

सूक्ष्मदर्शक बनवून सूक्ष्मजीव पाहणारे डच संशोधक लेवेनहूक यांनी 1702 मध्ये पन्हाळीतल्या सुक्या धुळीवर पाणी घातलं आणि काचेखाली सूक्ष्म प्राणी पोहू लागले. शेवाळात राहणारं जलअस्वल (हाही एक सूक्ष्म प्राणी) तर जपानी शास्त्रज्ञांनी 30 वर्षं गोठवून ठेवल्यावर जागं केलं, आणि त्याने पुढे अंडी घातली. जीवशास्त्रज्ञ डेव्हिड कायलिन यांनी 1959 मध्ये या अवस्थेला क्रिप्टोबायोसिस म्हटलं, मी मराठीत "गुप्तजीवन" म्हणते. म्हणजे जीवन आणि मृत्यू यांच्याखेरीज तिसरी अवस्था मानावी लागते. शाळेच्या दोन रकान्यांत ती बसत नाही, यात सईची चूक नाही.

सांगलीकर

आमच्या घरात हा प्रश्न आजीने कधीच सोडवलेला होता. आम्ही जैन. आहारात सचित्त आणि अचित्त असा भेद पाळतात. कोरडं अखंड धान्य सचित्त, म्हणजे जीव असलेलं. शिजलं की अचित्त. म्हणून मुनी कच्चं धान्य घेत नाहीत.

भगवतीसूत्र या आमच्या प्राचीन ग्रंथात तर धान्याची उगवण किती काळ टिकते हेही दिलंय: नीट झाकून, लिंपून ठेवलेलं भात, गहू, जव जास्तीत जास्त तीन वर्षं, मूग, उडीद, मसूर, तीळ पाच, जवस, करडईसारखी बियाणं सात. त्यानंतर बी अबीज होतं असं म्हटलंय. आजी धान्याची कणगी शेणाने लिंपायची तेव्हा हे सांगायची. उगवणशक्ती काका, हे आकडे कितपत जुळतात?

उगवणशक्ती

वाचून अंगावर काटा आला. "अबीज" हा शब्द मला नोकरीत असताना मिळायला हवा होता.

साध्या कणगीसाठी हे आकडे अनुभवाशी बरेच जुळतात. कडधान्य तृणधान्यापेक्षा जास्त टिकतं हे खरंच, त्याचं टरफल राखतं. आमच्याकडे ठोकताळा असा की दाण्यातला ओलावा एक टक्क्याने उतरवला की आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. म्हणून बियाणं बँकांत ते वाळवून उणे 18 अंशांवर ठेवतात. इस्रायलमधल्या मसादा किल्ल्यात सापडलेली खजुराची सुमारे 2000 वर्षं जुनी बी 2005 मध्ये लावली, ती उगवली. कोरडं, उष्ण वाळवंट होतं, पण ओलावा नव्हता. उलट सोयाबीनचं टरफल इतकं नाजूक की पोती उंचावरून आपटली तरी आतला अंकुर मरतो. बाहेरून दाणा तसाच दिसतो. म्हणून सांगत आलो, पेरणीआधी गोणपाटात 100 दाणे गुंडाळून बघा, 70 तरी उगवले पाहिजेत.

सईचीआई

सगळ्यांचे मनापासून आभार. सईला रोज रात्री एकेक प्रतिसाद वाचून दाखवते आहे. प्रयोग झाला, तिच्या वहीतले आकडे देते.

ताजी मटकी: 50 पैकी 46 ना मोड. सासूबाईंनी गावाहून पाठवलेली, डब्यात तळाशी राहिलेली तीनेक वर्षांची: 50 पैकी 29. भाजलेली: सगळी फुगली, एकालाही मोड नाही, तिसऱ्या दिवशी वास आला म्हणून टाकली. सईने वहीत "मेलेली" असं लिहिलं आणि जरा वेळ गप्प बसली.

ताज्यातल्या चार दाण्यांचं मात्र कोडं आहे. ते फुगलेच नाहीत. खडे म्हणून मी टाकणार होते, सासूबाई म्हणाल्या गणंग आहेत, उसळीत दाताखाली येतात ते. सई विचारते, हे मेलेले का?

उगवणशक्ती

टाकू नका! गणंग हे बहुधा वाटीतले सगळ्यांत चिवट जिवंत दाणे असतात. त्यांचं टरफल पाणी आतच घेत नाही. एका पावसात सगळं बी उगवलं आणि पुढे पावसाने दडी मारली तर वंश संपेल, म्हणून रानटी कडधान्यं काही दाणे असे मागे ठेवतात. हा जुना गुण. प्रयोगशाळेत अहवाल लिहिताना आम्ही "मृत" आणि "कठीण" असे वेगळे रकाने भरायचो, आणि कडधान्याच्या प्रमाणकात उगवण मोजताना कठीण दाणे जमेत धरतात.

सईला बारीक पॉलिश पेपर द्या. दाण्याला जिथे पांढरी रेघ, म्हणजे नाळेची खूण आहे, तिच्या विरुद्ध बाजूला हलकेच दोन-चारदा घासायचं, रंग जरा उतरला की थांबायचं. मग भिजवा.

सईचीआई

चारपैकी तीन काल रात्री फुगले, आज सकाळी दोघांना मोड आहेत! सई शाळेत डबीत घेऊन गेली होती. बाईंनी वर्गात सगळ्यांना दाखवले आणि उद्या टरफलाचा प्रयोग पुन्हा करायचा म्हणाल्या. मटकी आणायचं काम सईकडे आहे.

आता हे दोन मोड तिला उसळीत घालू द्यायचे नाहीत. कुंडीत लागतील का? आमच्याकडे पूर्वेची गॅलरी आहे.

उगवणशक्ती

लागतील. मटकी खरिपाचं पीक, थोडा उशीर झालाय पण कुंडीत चालेल. उथळ पण पसरट कुंडी घ्या, कारण तिचे वेल उभे न चढता जमिनीलगत पसरतात. मातीत निम्मी वाळू घाला, खाली भोक हवंच. मोड खाली करून बोटाच्या एका पेराइतकं खोल लावा आणि पाणी बेतानेच. मटकी दुष्काळातली आहे, ती तहानेने सहसा मरत नाही, पाणी साचून मरते. पिवळी बारीक फुलं येतील. शेंगा तपकिरी व्हायला अडीच-तीन महिने धरा. शेंगा वेलीवरच वाळू द्या, मग सईला दाणे काढून मोजायला सांगा आणि त्यातले गणंग किती तेही.